सायकलच्या पार्टचा रंग घरी काढायचाय? आधी तो 'रंग' नसतो हे समजून घ्या

रील ३० सेकंदांची असते. जांभळ्या रंगाचा सायकलचा एक पार्ट बादलीतल्या पाण्यात जातो, फसफसून फेस येतो आणि पुढच्याच क्षणी तो चांदीसारखा चकचकीत होऊन बाहेर येतो. जुन्या सायकली नव्याने उभ्या करणाऱ्यांमध्ये हा प्रकार भलताच लोकप्रिय आहे. कुणाला नव्वदच्या दशकातला जांभळा क्रँक साधा चंदेरी करून हवा असतो, कुणाच्या लाल हबचा रंग उन्हाने उडून गुलाबी झालेला असतो, तर कुणाला सेकंड हँड घेतलेला निळा सीट क्लॅम्प काळ्या फ्रेमवर डोळ्यांत खुपत असतो.

पण बादलीत नेमकं काय होतं हे त्या रीलमध्ये सांगितलेलं नसतं. त्यात साधं पाणी नसतं, कॉस्टिक सोडा असतो. तुंबलेलं गटार मोकळं करायच्या पावडरीत असतो तोच. तो फक्त रंग खात नाही. रंग संपला की तो खालचं ॲल्युमिनियम खायला लागतो आणि आपण बाहेर काढेपर्यंत थांबत नाही.

त्यामुळे हे काम घरी करता येतं का, या प्रश्नाचं उत्तर 'हो, पण प्रत्येक पार्टवर नाही' असं आहे. का, ते नीट पाहू.

ॲनोडायझिंग म्हणजे काय?

ॲल्युमिनियमवर दिसणारा तो चमकदार लाल, निळा किंवा सोनेरी रंग ब्रशने किंवा स्प्रेने मारलेला नसतो. तो धातूच्या अंगातच मुरवलेला असतो.

कारखान्यात ॲल्युमिनियमचा पार्ट सौम्य केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत बुडवतात आणि त्याला विजेचं धन टोक जोडतात. या धन टोकाला ॲनोड म्हणतात, म्हणून ॲनोडायझिंग. वीज सुरू झाली की पार्टच्या पृष्ठभागावरच्या ॲल्युमिनियमचं ऑक्साइड व्हायला लागतं. हा थर बाहेरून आणून चिकटवलेला नसतो. धातूचाच वरचा भाग ऑक्साइडमध्ये बदलतो, त्यामुळे थराचा काही भाग मूळ पृष्ठभागाच्या आत असतो आणि काही बाहेर वाढलेला असतो.

या थरात मधमाशांच्या पोळ्यासारखी अतिसूक्ष्म छिद्रं असतात. पार्ट रंगाच्या द्रावणात बुडवला की रंग या छिद्रांत शिरतो. मग तो कडकडीत गरम पाण्यात ठेवतात. त्याने छिद्रांची तोंडं मिटतात आणि रंग आत अडकतो. शोभेसाठीच्या अशा थराची जाडी साधारण ५ ते २५ मायक्रॉन असते. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड धरला, तर हा थर त्याच्या निम्म्याहूनही पातळ.

ही पद्धत १९२३ साली ब्रिटनमध्ये औद्योगिक पातळीवर आली, तीही शोभेसाठी नव्हे. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिनचे भाग खाऱ्या पाण्याने गंजू नयेत म्हणून. रंग नंतर आला, मुळात ते चिलखत होतं. आपल्याकडे बहुतेकांनी हे चिलखत स्वयंपाकघरात पाहिलेलं असतं. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणून विकली जाणारी काळी कढई किंवा काळा कुकर म्हणजे त्याचाच जास्त जाड आणि कठीण प्रकार.

थिनर, ॲसिटोन, पॉलिश पेपर का चालत नाहीत?

रंग काढायचा म्हटलं की हात आधी थिनरकडे जातो. पण थिनर, पेंट रिमूव्हर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर हे रंगातल्या सेंद्रिय पदार्थावर काम करतात. ॲनोडायझिंगचा थर खनिज आहे. त्यावर थिनर ओतला तर फक्त तेलकटपणा जाईल.

याच गुणाचा उपयोग ओळख पटवायला होतो. कापसावर थोडं ॲसिटोन घेऊन पार्टच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला घासा. कापसाला रंग लागला तर तो साधा पेंट आहे. काहीच लागलं नाही आणि रंगाच्या खालून धातूचे बारीक यंत्ररेषांचे ओरखडे दिसत असले, तर बहुधा ॲनोडायझिंग. पावडर कोटिंग असेल तर कडेला जाडसर, प्लास्टिकसारखा थर दिसतो आणि धातूचा पोत झाकलेला असतो.

पॉलिश पेपरने घासून काढता येतं, पण ते जिकिरीचं आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइड हा फार कठीण पदार्थ. माणिक आणि नीलम ही रत्नं म्हणजे याच ऑक्साइडचे स्फटिक. बाजारातल्या बऱ्याच पॉलिश पेपरवर चिकटवलेले कणही त्याचेच असतात. ॲनोडायझिंगचा थर स्फटिकांइतका कठीण नसला तरी घासताना चिवटपणा जाणवतो. सपाट, छोट्या पार्टवर वॉटर पेपर ओला करून घासला तर काम होतं, पण खाचाखोचांत रंग तसाच राहतो. आणि बेंच ग्राइंडरचा मोह टाळावा. मऊ ॲल्युमिनियम दगडात भरून बसतं, दगड तापतो आणि फुटूही शकतो.

म्हणून मग कॉस्टिक सोडा.

बादलीत नेमकं काय होतं?

ॲल्युमिनियम आणि त्याचं ऑक्साइड, दोघांनाही अल्कली सोसत नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं की पातेलं काळवंडतं, हे घरोघरी माहीत असतं. हार्ड ॲनोडाइज्ड भांडी डिशवॉशरमध्ये घालू नका असं सांगतात, त्याचंही कारण हेच. डिशवॉशरची पावडर अल्कधर्मी असते. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड ही या जातीतली सगळ्यात जहाल गोष्ट.

पार्ट द्रावणात गेला की दोन टप्पे होतात.

पहिल्या टप्प्यात ऑक्साइडचा थर विरघळतो. त्यातून वायू निघत नाही, त्यामुळे सुरुवातीला फारसं काही घडताना दिसत नाही. थर गेला की त्यात अडकलेला रंगही सुटतो.

दुसऱ्या टप्प्यात सोडा उघड्या धातूपर्यंत पोचतो. आता हायड्रोजन वायू निघू लागतो आणि बुडबुडे सुरू होतात. रीलमध्ये 'जादू' म्हणून दाखवला जाणारा तो फेस खरं तर काम संपत आल्याची खूण असते. फेस येतोय म्हणजे रंग निघतोय असं नाही. फेस येतोय म्हणजे पार्ट विरघळतोय. १ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळलं की सुमारे सव्वा लिटर हायड्रोजन तयार होतो, म्हणजे भरपूर फेस दिसला तर धातू किती गेला याचा अंदाज यावा.

या क्रियेत उष्णताही निघते. द्रावण तापलं की क्रिया वेगाने होते आणि वेग वाढला की द्रावण आणखी तापतं. थोड्या पाण्यात मोठा पार्ट टाकला की प्रकरण हाताबाहेर जातं ते असं.

याच रसायनावर ॲल्युमिनियमचा अख्खा उद्योग उभा आहे. बॉक्साइटचा दगड गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून त्यातून शुद्ध ऑक्साइड वेगळं काढायची पद्धत कार्ल बायर यांनी १८८८ च्या सुमारास शोधली आणि आजही तीच वापरतात. कोल्हापूर जिल्ह्यातलं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात गेलं ते याच प्रक्रियेसाठी.

सोड्याची ताकद किती याचं सायकलमधलंच उदाहरण द्यायचं तर, स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं अडकून बसलेली ॲल्युमिनियमची सीटपोस्ट कशानेच निघाली नाही, तर शेवटचा उपाय म्हणून मेकॅनिक फ्रेममध्ये कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओततात. स्टीलला काही होत नाही, सीटपोस्ट मात्र आख्खी विरघळून जाते. आपण रंग काढायला वापरणार आहोत ते हेच द्रव्य.

कोणते पार्ट चालतील, कोणते अजिबात नाही?

खरा निर्णय इथे आहे. तुटला तर जीवावर बेतणार नाही आणि दोन-चार मायक्रॉन कमी झाल्याने ज्याचं काही बिघडत नाही, असाच पार्ट निवडावा. सीट क्लॅम्प, बॉटल केज, हेडसेटवरचे स्पेसर, चेनगार्ड हे त्यात बसतात.

खालच्या गोष्टींना हात लावू नये:

• हँडलबार आणि स्टेम. या पार्टवर दर खड्ड्यागणिक ताण येतो. सोड्याने पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि धातूला थकव्याची चीर पडायची सुरुवात अशाच खड्ड्यातून होते. ॲल्युमिनियमचा हँडलबार स्टीलसारखा वाकून इशारा देईलच असं नाही, एकदम तुटू शकतो.

• रंगीत ॲल्युमिनियमचे बोल्ट आणि स्पोकचे निपल. आटे झिजले की पकड गेली.

• जिथे बेअरिंग दाबून बसवतात असे भाग. हब, हेडसेटचे कप, बॉटम ब्रॅकेट. या बैठका मायक्रॉनच्या हिशेबाने कातलेल्या असतात. थोडं विरघळलं तरी बेअरिंग सैल होतं.

• डिस्क ब्रेकचे कॅलिपर आणि सस्पेन्शनचे भाग. आतली सील आणि घासणारे पृष्ठभाग खराब होतात.

• कार्बन फायबर चिकटवलेला कोणताही पार्ट.

• फ्रेम. नळ्यांच्या आत शिरलेलं द्रावण पूर्ण धुऊन निघत नाही आणि आतून खात राहतं. इटलीच्या ॲलन किंवा फ्रान्सच्या व्हीटस ९७९ सारख्या जुन्या फ्रेमच्या बाबतीत तर विचारही करू नये. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या या सुंदर रंगीत ॲनोडाइज्ड फ्रेमच्या नळ्या वेल्डिंगने नव्हे तर चिकटवून जोडलेल्या असतात.

क्रँक आणि रिम ही मधली जागा. अनुभवी लोक त्या करतात, पण क्रँकचं पेडल बसायचं भोक आणि चौकोनी बैठक झाकावी लागते, रिमसाठी चाक पूर्ण सोडवावं लागतं. पहिलाच प्रयोग असेल तर यांच्या नादी लागू नये.

आणखी एक. पार्टवरचा लोगो बहुतेक वेळा याच थरात किंवा थरावर छापलेला असतो. रंगाबरोबर तोही जातो. नव्वदच्या दशकातल्या जांभळ्या पार्टना आज संग्राहकांमध्ये मागणी आहे, त्यामुळे उडालेल्या रंगाचा मूळ पार्टसुद्धा कधी कधी चकचकीत केलेल्या पार्टपेक्षा जास्त किमतीला जातो.

आधी डोळे, मग पार्ट

कॉस्टिक सोडा ॲसिडपेक्षा सौम्य असेल असा समज असतो. डोळ्यांच्या बाबतीत तो उलटा आहे. ॲसिडने वरच्या पेशींमधली प्रथिनं साकळतात आणि पुढे जायला थोडा अडथळा तयार होतो. अल्कली मात्र पेशींमधली चरबी विरघळवत आत आत जाते. तेलापासून साबण करतात तो याच सोड्याने. बोटाला द्रावण लागलं की बुळबुळीत लागतं, कारण आपल्याच त्वचेतल्या चरबीचा साबण व्हायला लागलेला असतो. सुरुवातीला आग होईलच असंही नाही.

म्हणून चारही बाजूंनी बंद असलेला सेफ्टी गॉगल हवाच. साधा चष्मा चालत नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि पाय झाकणारे बूट. काम गच्चीत किंवा अंगणात करावं, बाथरूम बंद करून नाही. हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको. फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबर सोड्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि नाकाघशाला झोंबतात, म्हणून बादलीवर वाकून बघू नये. मुलं आणि पाळीव प्राणी लांब ठेवावेत.

पाण्याचा चालू नळ किंवा भरलेली पाइप हाताशी हवी. कोरडा सोडा त्वचेवर सांडला तर आधी झटकून टाकावा, मग भरपूर पाण्याने धुवावं. डोळ्यात गेला तर पापण्या उघड्या धरून कमीत कमी २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवावं आणि थेट दवाखाना गाठावा. डोळ्यात किंवा जखमेवर व्हिनेगर, लिंबू घालून 'उतारा' करायला जाऊ नये.

पद्धत, पायरीपायरीने

१. पार्ट पूर्ण सुटा करा. बोल्ट, रबर, बेअरिंग, स्प्रिंग सगळं काढा. भांड्याच्या साबणाने तेलकटपणा घालवा. तेलाचा डाग राहिला तर तिथे रंग मागे राहतो आणि बाकीचा भाग जास्त खाल्ला जातो.

२. भांडं प्लास्टिकचं घ्या. तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असलेली बादली चालते. ॲल्युमिनियमचं पातेलं तर नाहीच, पण जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको, कारण सोडा जस्तालाही खातो. काच उष्णतेने तडकू शकते.

३. गार पाणी मोजून घ्या आणि त्यात हळूहळू सोडा टाका. सोड्यावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर ते उसळून अंगावर येतं. १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम सोडा पुरेसा होतो. सीट क्लॅम्पएवढ्या पार्टलाही २ लिटर द्रावण ठेवा, म्हणजे ते तापणार नाही. सोडा विरघळताना पाणी गरम होतं. ते पुन्हा गार होऊ द्या.

४. गटार साफ करायची पावडर वापरू नका. तिच्यात बऱ्याचदा सोड्याबरोबर ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात, म्हणजे पार्ट टाकण्याआधीच क्रिया सुरू. टॉयलेट क्लीनर तर मुळीच नको. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याने ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. दोन्ही एकत्र ओतले तर द्रावण भडकून उसळतं.

५. पार्ट नायलॉनच्या दोरीने बांधून सोडा, म्हणजे झटकन वर ओढता येतो. स्टीलची तार नको, तिच्या स्पर्शाने ॲल्युमिनियम जास्त वेगाने खाल्लं जातं.

६. दर मिनिटाला बाहेर काढून बघा. घड्याळावर भरवसा ठेवू नका. थराची जाडी, त्याचा प्रकार आणि हवेतला उन्हाळा, सगळ्याने वेळ बदलते. सगळीकडून सारखे बुडबुडे यायला लागले की थांबायचं. एखाद्या कोपऱ्यात रंग राहिला असेल तर पूर्ण पार्ट पुन्हा बुडवण्यापेक्षा तो कोपरा वॉटर पेपरने काढावा.

७. भरपूर वाहत्या पाण्यात धुवा. मग व्हिनेगर घातलेल्या पाण्यात मिनिटभर बुडवून पुन्हा धुवा. भोकं आणि आट्यांमध्ये पाणी जोरात मारा.

थर पूर्ण गेला का हे तपासायला मल्टिमीटर कामी येतो. ॲनोडायझिंगमधून वीज वाहत नाही. दोन टोकं हलकेच टेकवल्यावर बीप वाजली की तिथे उघडा धातू आहे.

पार्ट काळा पडला, आता?

बरेच जण इथे घाबरतात. रंग गेला, पण चंदेरी होण्याऐवजी पार्टवर काळपट काजळी आली. यात बिघडलेलं काही नसतं. सायकलचे पार्ट शुद्ध ॲल्युमिनियमचे नसतात. ६०६१ या मिश्रधातूत मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि थोडं तांबं असतं. ७०७५ मध्ये जस्त आणि मॅग्नेशियमबरोबर तांब्याचं प्रमाण १.२ ते २ टक्क्यांपर्यंत असतं. सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो, तांब्यासारखे धातू मागे राहतात. काजळी त्यांची. कारखान्यात ती नायट्रिक ॲसिडने काढतात, पण घरी ते आणायची गरज नाही. हिरव्या घासणीने आणि मेटल पॉलिशने ती निघते.

सोड्यातून आलेला पृष्ठभाग मॅट असतो, रीलमधल्यासारखा आरशाचा नसतो. आरसा हवा असेल तर ४००, ८००, १२०० असे चढत्या क्रमाने वॉटर पेपर आणि मग पॉलिश, अशी दोन-तीन तासांची मेहनत आहे. रीलमध्ये नेमके हेच तास कापलेले असतात.

उरलेलं द्रावण बागेत किंवा नाल्यात ओतू नये. एवढ्या थोड्या प्रमाणातलं द्रावण भरपूर पाण्यात पातळ करून घरच्या ड्रेनेजमध्ये हळूहळू सोडता येतं. मात्र त्याच वेळी तिथे दुसरं कोणतंही क्लीनर ओतू नये.

चिलखत गेल्यावर

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेत लगेच स्वतःचा ऑक्साइड थर तयार होतो, पण तो फक्त काही नॅनोमीटरचा. ॲनोडायझिंगच्या तुलनेत हजारो पटींनी पातळ. पुण्यात किंवा नाशकात पार्ट काही महिन्यांनी निस्तेज होईल, पुन्हा पॉलिश करता येईल. मुंबईत, कोकणात, गोव्यात गोष्ट वेगळी आहे. खारी हवा, पावसाळा आणि हाताचा घाम यांनी त्यावर पांढरी भुकटी येते आणि पुढे खड्डे पडतात. दर महिन्याला मेणाचं पॉलिश किंवा वरून पारदर्शक लॅकरचा स्प्रे, यातलं एक करावंच लागतं.

हे सगळं वाचून खटपट नको वाटत असेल, तर सरळ रस्ताही आहे. भोसरी किंवा वसईसारख्या औद्योगिक पट्ट्यांत जॉबवर्कवर ॲनोडायझिंग करणारे छोटे कारखाने आहेत. जुना थर काढणं, ज्याला ते स्ट्रिपिंग म्हणतात, हे त्यांचं रोजचं काम. तिथे काजळी काढायची व्यवस्था असते आणि नवा थरही चढवून मिळतो, चंदेरी हवा तर बिनरंगाचा. एकट्या सीट क्लॅम्पसाठी कुणी टाकी सुरू करणार नाही, पण चार मित्रांचे पार्ट एकत्र नेले तर बोलणी होऊ शकतात. नेताना पार्ट कोणत्या मिश्रधातूचा आहे हे माहीत असेल तर सांगावं आणि आटे, बैठका झाकायला आवर्जून सांगावं. थर तिथेही सोड्यानेच काढतात आणि मापाचा नियम त्यांच्या टाकीतही बदलत नाही.